कोळंबी बाजूला काढून भागत नाही

‘एवढ्या एका घासानं काय होतंय!’ हा आग्रह आपल्या पंगतीत अजून चालतो. कोळंबीची ॲलर्जी असलेल्याच्या पानात कोळंबी वेचून नुसता रस्सा वाढला, की वाढणाऱ्याला वाटतं, झालं काम. पण रश्शात तिचाच अर्क उतरलेला असतो. तिच्यातलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कितीही शिजवलं तरी फारसं बदलत नाही. सोडे आणि जवळा यांतही ते असतंच. म्हणून चटणीतला चिमूटभर जवळाही नको. बटाट्याची कापं तळायची असतील तर कोळंबीच्या आधी तळा, त्याच तेलात नंतर नको.

हे नखरे नव्हेत. शरीरानं त्या प्रथिनाला एकदा शत्रू ठरवलं, की आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात आणि त्वचा, श्वासनलिका, आतडी इथल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या खेपेला तेच प्रथिन पोटात गेलं, की या पेशी हिस्टामिन आणि आणखी काही रसायनं ओततात. मग अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, दम लागतो. बहुधा काही मिनिटांत, नाहीतर दोनेक तासांत. (दूध प्यायल्यावर नुसतं पोट फुगणं हे बहुतेकदा वेगळं, तिथं दुधातली साखर पचत नसते.)

गांधी उठल्या की आपण आमसुलाचं पाणी चोळतो, ॲलर्जीची गोळी देतो. नुसती खाज असेल तर ठीक. पण सोबत धाप लागली, आवाज बसला, चक्कर आली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर गोळीवर विसंबू नका. तिथं ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच हवं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला आणि लगेच. १०८ ला फोन करा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. श्वास घ्यायला जड जात असेल तर बसवा, पण चालवत नेऊ नका. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच काढा, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

ॲलर्जी कशाची हे शोधायला म्हणून शेकडो पदार्थांच्या ‘आयजीजी’ (ही वेगळी प्रतिपिंडं) तपासणीवर मात्र पैसे घालवू नका. ते आकडे बहुतेकदा एवढंच सांगतात, की हा पदार्थ तुमच्या खाण्यात आहे. तसला कागद बघून लेकराचं दूध, अंडं, गहू बंद करणं म्हणजे त्याची उपासमार. जाणता डॉक्टर आधी विचारतो, काय खाल्लं, किती वेळानं काय झालं. ते लिहून न्या. पाकीटबंद पदार्थ असेल तर त्याचं पाकीटही.