प्लँचेटवाली बरी!

विनोदी लेखक मेला की त्याच्या कारकिर्दीला खरा बहर येतो. 'सध्या नवीन काय?' असं विचारणाऱ्यांना कटवण्यासाठी त्याने जिवंतपणी ज्या थापा मारलेल्या असतात, त्या शोकसभेत 'संकल्पित ग्रंथसंपदा' म्हणून जाहीर होतात. मग वारस येतात, व्यवस्थापक येतात, प्रकाशक येतात आणि ट्रंका उघडल्या जातात. आपल्या दिवाळी अंकांनाही 'अप्रकाशित' या शिक्क्याचं केवढं अप्रूप! अप्रकाशित का राहिलं, हे मात्र विचारायचं नसतं. तसं विचारणारा माणूस अरसिक.

मार्क ट्वेनचंच बघा. 1896 मध्ये मुंबईत व्याख्यान देऊन गेलेला हा गृहस्थ म्हणजे अर्धवट सोडण्यातला चक्रवर्ती. टाकी रिकामी झाली की लिहिणं थांबवायचं, कागद फडताळात टाकायचे, टाकी आपोआप भरली तर पुढचं बघू, हा त्याने स्वतःच सांगितलेला खाक्या. 'हकलबरी फिन' सुरू केली 1876 मध्ये, छापून आली 1884 च्या शेवटी. तिथे टाकी भरली. टॉम आणि हकला रेड इंडियनांच्या मुलखात धाडणारी पुढची गोष्ट मात्र नवव्या प्रकरणात जी आडवी झाली, ती उठलीच नाही. याचा अर्थ काय? लेखकाला कळलं की हे जमत नाहीये. इतकी अक्कल कितीजणांना असते? पण नाही! 2003 मध्ये एका महाशयांनी ती 'पूर्ण' करून दाखवलीच. 1879 साली पॅरिसमध्ये मुलींना झोपवताना सांगितलेल्या एका गोष्टीची त्याची 16 पानी टिपणं होती. 2017 मध्ये त्यांचं दीडशे पानी पुस्तक झालं. जाऊ द्या, त्या मंडळींनी निदान मुखपृष्ठावर आपलीही नावं घातली.

खरी मौज 1916 ची. ट्वेनला जाऊन सहा वर्षं झाली होती. हार्पर अँड ब्रदर्सने थाटात, रंगीत चित्रांसह, त्याची 'नवी' कादंबरी काढली : 'द मिस्टीरियस स्ट्रेंजर'. कर्तेकरविते अल्बर्ट बिगलो पेन. ट्वेनचे अधिकृत चरित्रकार, त्याच्या वाङ्मयाचे विश्वस्त, पावित्र्याचे राखणदार वगैरे वगैरे. जोडीला हार्परचे संपादक फ्रेडरिक ड्यूनेका.

आता या राखणदारांचं कर्तृत्व ऐका. त्या सैतानी पाहुण्याची गोष्ट ट्वेनने 1897 ते 1908 या काळात तीनदा लिहायला घेतली होती आणि एकदाही छापायला दिली नव्हती. पेनसाहेबांनी पहिलं हस्तलिखित उचललं आणि त्याचा जवळजवळ चौथा हिस्सा छाटून टाकला. तिसऱ्या हस्तलिखिताचं शेवटचं प्रकरण त्याच्या शेपटाला शिवलं. त्यात पात्रं भलतीच होती, म्हणून त्यांची नावं बदलली. मूळ गोष्टीत एक पाजी पाद्री होता. धार्मिक वाचकांना तो झोंबणार! मग त्याची पापं एका ज्योतिषाच्या माथी मारली. हा ज्योतिषी त्या गोष्टीत नव्हताच हो. तिसऱ्या हस्तलिखितातल्या एका जादूगाराला धंदा बदलायला लावून तो इथे आणून बसवला. आणि कळस म्हणजे कालनिर्णय : पहिलं हस्तलिखित सुरू होतं 1702 च्या मे महिन्यात, तिसरं 1490 च्या हिवाळ्यात. पेननी छापलं, 1590 चा हिवाळा! भाजीवालीशी घासाघीस करून मधला भाव काढावा, तसं शतक काढलं.

वाचकाला याचा पत्ता नाही. विद्वानांनाही नाही. ते पुढची जवळजवळ पन्नास वर्षं त्या शिवलेल्या शेपटावरून 'उत्तरायुष्यातला तात्त्विक निराशावाद' मोजत बसले. 1963 मध्ये जॉन टकी नावाच्या अभ्यासकाने हस्तलिखितं तपासून ही शिवण उसवली आणि 1969 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने तिन्ही मसुदे जसेच्या तसे छापले.

पण थांबा, आपल्याला 1917 मध्ये जायचंय. त्या साली सेंट लुईसच्या एमिली ग्रँट हचिंग्ज या बाईंची 'जॅप हेरन' ही कादंबरी निघाली. लेखक? मार्क ट्वेन. कैलासवासी. प्लँचेटवर येऊन त्याने अक्षर-अक्षर सांगितली, असा बाईंचा दावा. कुणीही हसावं असाच तो. पण चवताळून कोर्टात कोण गेलं? हार्पर अँड ब्रदर्स! सोबत ट्वेनची मुलगी क्लारा. मार्क ट्वेन या नावावर हक्क आमचा, असं त्यांचं म्हणणं. खटला उभा राहण्याआधीच पुस्तक मागे घेतलं गेलं.

म्हणजे मेलेल्या ट्वेनकडून लिहवून घेण्याचा मक्ता आमचा, इतरांनी त्यात पडू नये, असं! बाईंनी भुताला श्रेय तरी दिलं. पेननी भुताच्या हातून पेन काढून घेतलं (हा श्लेष माझा नाही, नियतीचा) आणि सही मात्र त्याचीच ठेवली. दोघांत प्रामाणिक कोण, हे तुम्हीच ठरवा. माझं मत प्लँचेटला.

आणि धंदा काही थांबत नाही. 2010 मध्ये ट्वेनचं आत्मचरित्र 'शंभर वर्षं कुलूपबंद' म्हणून गाजलं, धडाधड खपलं. त्यातले बरेच तुकडे खुद्द ट्वेननेच 1906-07 मध्ये एका मासिकातून छापले होते. नंतर 1924, 1940 आणि 1959 मध्ये तीन वेगवेगळ्या संपादकांनी त्याच्या आवृत्त्या काढल्या. इतक्यांदा उघडलेलं कुलूप जगात दुसरं नसेल.

तुमच्या कपाटात 'द मिस्टीरियस स्ट्रेंजर' असेल तर तेवढं पहिलं पान उघडून बघा. 1590 साल दिसलं तर ती पेनची करणी. ती आजही छापली जाते, विकली जाते, आणि मुखपृष्ठावर नाव असतं मार्क ट्वेनचं.