एका जोडणीचा जमाखर्च

मुलीच्या विवाहाच्या, २००३ सालच्या चार मिनी-डीव्ही कॅसेट आमच्या कपाटात आहेत. त्यांत माझ्या आईचा आवाज आहे. कॅमेरा आजही चालतो. अडले ते जोडणीपाशी. त्याला फायरवायर पोर्ट आहे, आणि नव्या संगणकांवर ते मिळत नाही.

फायरवायर हे १९९५ चे प्रमाण. वेग सेकंदाला ४०० मेगाबिट. २००० साली आलेल्या यूएसबी २.० चा वेग कागदावर ४८०. तरी चित्रणाचा अखंड प्रवाह वाहून नेण्यात फायरवायरच सरस. मग ते मागे का पडले? आम्हा वाणिज्य शाखेच्या माणसांना उत्तर खर्चाच्या रकान्यात सापडते. फायरवायरच्या प्रत्येक उपकरणात महागडी नियंत्रक चिप लागे, वर स्वामित्वशुल्क. एके काळी ॲपलने पोर्टमागे एक डॉलर मागितला होता. यूएसबीने बरेचसे काम संगणकावरच सोपवले, म्हणून माउससारख्या किरकोळ वस्तूलाही ते परवडले.

दुकानदाराने मला फायरवायर ते यूएसबी अशी स्वस्त वायर दिली. ती घेऊ नका. टोके बसतात, पण दोहोंची संकेतपद्धती वेगळी असल्याने संगणकाला कॅमेरा दिसतच नाही. थंडरबोल्टच्या अडॅप्टरांची साखळी माझ्या निवृत्तिवेतनाला जड. अखेर जुन्या डेस्कटॉपमध्ये फायरवायर कार्ड बसवले. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो. जागा सुमारे १३ जीबी.

दोन झाल्या. तिसरीत चित्र मध्येच फुटते. आवाज मात्र शाबूत आहे. चौथी या रविवारी.