केळीच्या पेशीतली काटकसर

अर्धापूरच्या केळीला इसापूर धरणाचे पाणी मिळते, पण मे महिन्याची झळ आणि पौषातली थंडी चुकत नाही. झाडामागे सुमारे 200 ग्रॅम नत्र द्यावे लागते आणि त्यातला मोठा वाटा झिरपून किंवा हवेत उडून जातो. झाडानेच आतल्या आत बचत केली तर? बागायतदारासाठी हा खर्चाचा प्रश्न आहे.

ती बचत झाडाला येते. पेशी आपली जुनी, बिघडलेली प्रथिने गुंडाळून रिक्तिकेत नेते, तिथे विरघळवते आणि सुटलेले नत्र पुन्हा वापरते. यीस्टमधल्या या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल मिळाले. ही यंत्रणा बंद पाडलेला मका नत्राच्या तुटवड्यात दाणे कमी भरतो. प्रयोगशाळेतल्या अरॅबिडॉप्सिस या रोपात तिचे एक जनुक जास्त चालवले, तेव्हा पानांतून बियांकडे जाणारे नत्र वाढले.

पण केळीत बीच नाही. गुणसूत्रांचे तीन संच असल्याने संकरही अवघड, म्हणून जनुक-संपादनाकडे पाहावे लागते. मोहालीच्या एका संशोधन संस्थेने ग्रँड नैन केळीत ते करून दाखवले आहे. बाहेरचे जनुक न घातलेल्या संपादित वाणांना केंद्राने 2022 मध्ये नियमांत सूट दिली आणि 2025 मध्ये असे दोन भात जाहीरही झाले. वाट मोकळी आहे.

धास्तीही खरी आहे. पेशीची हीच यंत्रणा रोगाच्या वेळी दोन्ही बाजूंनी चालते. जिवंत पेशीवर जगणाऱ्या बुरशीला रोखणारा बदल मेलेल्या पेशीवर पोसणाऱ्या बुरशीला वाट करून देऊ शकतो. उतिसंवर्धित रोपांमुळे आपल्याकडे सगळ्या शिवारात एकच झाड उभे असते. चूक झाली तर ती सगळ्या शिवाराची. म्हणून घाई नको.

बचतीचा एक मार्ग मात्र आजच हाताशी आहे. घड उतरल्यावर खोड बुडापासून न तोडता टप्प्याटप्प्याने कापले, तर त्यातले अन्नद्रव्य व पाणी खालच्या पिल्लाला मिळते आणि खोडवा जोमाने येतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने नांदेडच्या केळी संशोधन केंद्रात कमी नत्रावर, उन्हाळ्यात, करपा रोगासह अशा संपादित केळीच्या चाचण्या घ्याव्यात. निकाल येईपर्यंत पेशी ताजी करण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर शेतकऱ्यांनी पैसा घालू नये.