श्वानपालन : त्रास कोणाचा, लाभ कोणाचा

वार्षिक परीक्षा आटोपून मुलांना सुटी लागली, की पुण्या-मुंबईच्या, आणि आता नाशिक, कोल्हापूर, नागपूरच्याही अनेक घरांत कुत्र्याच्या पिल्लाची मागणी पुढे येते. आणि त्या मागणीवर घरातील कर्ती माणसे जो विचार करतात तो बहुधा खर्चाचा असतो, किंवा फार तर शेजारी तक्रार करतील, लाकडी सामान कुरतडले जाईल, गावाला जाताना सोय काय करावी, अशा अडचणींचा असतो. हा विचार अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या एका प्रश्नावर या व्यवहाराचे बरेवाईट सर्वस्वी अवलंबून असते, तो प्रश्न, म्हणजे हा त्रास घरातील नेमकी कोणती व्यक्ती सोसणार आहे हा, या विचारविनिमयात क्वचितच उच्चारला जातो. आणि तो न उच्चारल्यामुळेच पुष्कळ घरांत कुत्रा हा पहिले काही महिने कौतुकाचा, पुढे वर्षभर कुरकुरीचा आणि त्यानंतर दहा-बारा वर्षे एकाच व्यक्तीच्या मूक कष्टांचा विषय होऊन राहतो.

खर्चाचा मामला आधी निकालात काढू. लॅब्राडोरसारखे तीस किलोचे जनावर केवळ दूध-पोळीवर पोसता येत नाही. त्याला अंडी, मांस अथवा त्या तोडीचा आहार लागतो, आणि शहरातील आजच्या भावाने त्याची दरमहाची तरतूद चार-पाच हजारांच्या आत बसवणे कठीण आहे. दीड-दोन महिन्यांच्या वयापासून पार्व्हो, डिस्टेंपर, लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसी सुरू होतात, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस येते, आणि त्यापुढे ठरल्या वेळी त्या पुन्हा टोचून घ्याव्या लागतात. शिवाय जंतांचे औषध, वयात आल्यावर निर्बीजीकरण, महापालिकेचा परवाना आणि गोचिडांचा बंदोबस्त हे आहेच. गोचिडांकडे तर काणाडोळा करणे फार महागात पडते. त्यांच्या दंशातून येणारा ताप रक्तातील पेशींवरच आघात करतो, आणि कुत्रा दोन दिवस जेवला नाही तर ‘उद्या पाहू’ असे म्हणता म्हणता तो हातचा जातो. रेबीजच्या लसीचा खर्च तर केवळ घरगुती बाब नव्हेच. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने जखमी झालेल्या एका मुलाला लुई पाश्चरने १८८५ साली लस टोचून वाचवले, त्याला आता एकशे चाळीस वर्षे होऊन गेली. तरी लक्षणे एकदा प्रकट झाली की या रोगापुढे वैद्यक आजही जवळजवळ हतबल असते, आणि आपल्या देशात माणसे अद्याप त्याने मरतात. ज्याला ही लस चुकविण्याजोगी वाटते त्याने कुत्रा पाळण्याचा विचार तेथेच सोडावा.

एवढे करूनही, मध्यमवर्गीय घराने मनावर घेतले तर ही रक्कम उभी राहते. हिशेबात खरी उणीव राहते ती अखेरच्या वर्षांची. पिल्लाची किंमत सर्वजण विचारतात. पण नवव्या-दहाव्या वर्षानंतर सांधे धरलेल्या, मूत्रपिंडे थकलेल्या, जिना चढण्यासाठी उचलून घ्यावे लागणाऱ्या कुत्र्याचा औषधोपचार आणि शुश्रूषा यांची नोंद पहिल्या दिवशीच्या ताळेबंदात कोणी करीत नाही.

आता त्रासाविषयी. आपल्या गावगाड्यात कुत्रा होता, परंतु तो क्वचितच एका माणसाचा होता. एका घरची शिळी भाकरी, दुसऱ्या घरचा ताकभात, तिसऱ्या ओट्यावरची सावली, असा त्याचा योगक्षेम दहा घरांत वाटला गेलेला असे. फिरण्यास तो स्वतःच जाई, त्यामुळे त्याला कोणी फिरवीत नसे. आणि धनगराच्या वाड्यावर किंवा शेतातील खळ्यावर तो राखणीचे काम करून आपले अन्न मिळवीत असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची मला इच्छा नाही, कारण तिच्यात पिल्ले रोगाने धडाधड मरत, धोंडे आणि काठ्या हा नित्याचा प्रसाद असे, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या भीतीने गावे कवाडे लावून बसत. तथापि तिच्यात कुत्र्याचे करणे इतक्या हातांत विभागलेले होते, की ते ‘काम’ म्हणून कोणाच्या नजरेस येतच नव्हते. सदनिकेत आलेल्या कुत्र्याचे जीवित मात्र समूळ बदलले आहे. बंद दाराआड तो तासन् तास मूत्र रोखून धरतो, आणि सकाळी व रात्री कोणीतरी पट्टा हातात घेईल तेव्हाच त्याला माती, वास, झाडाचे खोड आणि स्वजातीयाचे दर्शन यांचा लाभ होतो. हे ‘कोणीतरी’ आषाढाच्या झडीत, तापाने अंग दुखत असता आणि घरी पाहुणे आले असताही उठले पाहिजे.

सोसायटीच्या फाटकापाशी सकाळी साडेसहा वाजता कोणीही उभे राहून पाहावे. पिल्लासाठी रडून आकाशपाताळ एक करणारा मुलगा तेथे सहसा दिसत नाही. तो झोपेत असतो किंवा शिकवणीला गेलेला असतो. ‘मुलांना जबाबदारी कळेल’ असे म्हणून पिल्लू आणणारे वडील अधूनमधून, बहुधा रविवारी, दिसतात. नित्य दिसते ती आई, जिने प्रारंभी या कल्पनेला विरोध केलेला असतो, किंवा निवृत्त झालेले आजोबा, ज्यांना कोणी विचारलेलेच नसते. डबे, स्वयंपाक, नोकरी, सासूचे औषधपाणी या सर्वांच्या जोडीला आईवर ही नवी नेमणूक होते, आणि ती कायम होते, कारण कुत्र्याला रजा देता येत नाही. दुसऱ्याच्या कष्टांवर आपली हौस भागवण्याचा हा प्रकार मला अन्यायाचा वाटतो, आणि कुत्रा पाळावा की नाही या वादात सर्वांत जोरदार विरुद्ध मुद्दा कोणता असेल तर तो हाच.

पण या अन्यायाच्या पोटातच त्या प्रश्नाचे उत्तरही आहे, असे दीर्घकालीन निरीक्षणाने माझे मत झाले आहे. वर्ष-दीड वर्ष लोटले म्हणजे त्याच घरात पुन्हा जाऊन पाहावे. मुलाने हाक मारली तर कुत्रा मान वर करतो आणि पुन्हा खाली ठेवतो. आईच्या पावलाचा आवाज जिन्यात आला की तो दारापाशी जाऊन उभा राहतो, ती स्वयंपाकघरात असली की उंबऱ्यावर पसरतो, आणि ती आजारी पडली की पलंगाखालून हलत नाही. ‘खायला घालते म्हणून’ असा याचा उलगडा लोक करतात. तो मला अपुरा वाटतो. तिने त्याच्या कानांतील गोचिडे काढलेली असतात, दिवाळीच्या रात्री फटाक्यांनी थरथरणाऱ्या त्या देहावर हात ठेवून ती बसलेली असते, प्रत्येक गुलमोहराच्या खोडापाशी तो थांबला तेव्हा तीही थांबलेली असते. आणि त्या थांबण्यातूनच तिला खालच्या मजल्यावरील आजींची, भाजीवाल्याची, दुसऱ्या इमारतीतील कुत्रेवाल्यांची ओळख झालेली असते, जी एरवी त्या आवारात पंचवीस वर्षे राहूनही झाली नसती. जिने नको म्हटले होते तीच पुढे ‘याला सोडून मी लग्नाला येत नाही’ असे सांगू लागते. कुत्र्यापासून मिळणारे सुख हे त्याच्यासाठी सोसलेल्या त्रासाच्याच वाटेने येते; ज्याने त्रास टाळला त्याच्या वाट्याला घरात वावरणारे एक खर्चिक जनावर उरते. पगार देऊन फिरवायला माणूस ठेवणे यात गैर काही नाही, ती एकाची प्रामाणिक उपजीविका आहे आणि अडल्यावेळी मोठा आधार आहे; मात्र सगळेच ज्याने दुसऱ्यावर सोपवले, त्याने ‘एवढा खर्च करून काय मिळाले’ असे विचारू नये.

श्वानप्रेम हे पाश्चात्त्यांचे अंधानुकरण आहे असा आक्षेप अजूनही ऐकू येतो, त्याला इतिहासात आधार नाही. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचा खंड्या नावाचा कुत्रा होता. शिकारीच्या प्रसंगी वाघापासून त्याने महाराजांना सावध केले आणि महाराजांनी त्याला जहागीर व पालखीचा मान दिला, असे परंपरा सांगते, आणि संगम माहुलीस त्याची समाधी आजही दाखवितात. चाकरांची ज्याच्याकडे वाण नव्हती अशा राजालाही या प्राण्याशी असलेला स्नेह चाकरांकरवी करता आला नाही, हे त्या समाधीवरून दिसते. मुंबईत १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर आला, दुकाने बंद पडली आणि दंगल उसळली, हेही याच भूमीवर घडलेले आहे.

त्रासाचा एक मोठा हिस्सा मात्र आपण हौसेने ओढवून घेतो, आणि त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. हिमप्रदेशात घसरगाड्या ओढण्यासाठी घडलेला हस्की विदर्भाच्या उन्हाळ्यात आणून त्याच्यासाठी अहोरात्र वातानुकूलन यंत्र चालू ठेवणे यात त्या प्राण्याचे हित नाही. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग दिसला आणि घरोघरी पग आले. त्या चपट्या नाकामुळे त्याला श्वास घेणे कष्टाचे होते, उकाड्यात तर जीवघेणे होते, हे जाहिरातीत दिसत नव्हते. आपल्याकडील कारवानी अथवा मुधोळ कुत्रा, ज्याचे चित्र टपाल खात्याने २००५ साली तिकिटावर छापले, हा अभिमानास्पद खराच. पण दख्खनच्या माळावर सशामागे धावण्यासाठी ज्याची काया घडली त्याला दोन खोल्यांत कोंडणे हाही एक प्रकारचा अपराधच होय. शहरातील सामान्य घराने गल्लीतील गावठी पिल्लू घ्यावे. त्याला आपली हवा सोसते, त्याचे केस आखूड असतात, विशिष्ट जातींत रक्ताच्या नात्यातील संकरामुळे रुजलेली दुखणी त्याच्यात कमी आढळतात, आणि बुद्धीने ते कोणाहून उणे नसते.

कायद्याची स्थिती विषम आहे. बहुमताचा ठराव करून पाळीव कुत्र्यावर बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही, हे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केले. म्हणजे पाळणाऱ्याच्या हक्काला पाठबळ आहे. त्याच्या कर्तव्याचे काय? रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला, आणि त्याच्या अकराव्या कलमात, नित्य साखळीला बांधलेल्या वा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवण्याची हयगय करणे ही क्रूरता होय, असे स्वच्छ लिहिले आहे. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे, हाही त्याच कलमान्वये गुन्हा आहे. पण पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याची शिक्षा आहे दहा ते पन्नास रुपये दंड! साठ वर्षांहून अधिक काळ हा आकडा तसाच राहिला. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नात लक्ष घातल्यापासून त्यांच्याविषयी पुष्कळ तावातावाने बोलले गेले. परंतु त्या कुत्र्यांत काही आपल्याच घरांतून, बदली झाली म्हणून, बाळ झाले म्हणून, म्हातारा झाला म्हणून, महामार्गावर नेऊन सोडलेले असतात, हे त्या कोलाहलात कोणी बोलले नाही. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या भावांनी सरमा या कुत्रीच्या पिल्लाला मारले, तेव्हा ती यज्ञसत्रात जाऊन विचारते, की माझ्या मुलाने काही अपराध केला नसता त्याला का मारले; आणि त्यांच्यापाशी उत्तर नसते. सोडून दिलेल्या कुत्र्याच्या बाबतीत आपल्यापाशीही ते नाही. दंडाची रक्कम हजारांत नेणे, परवान्याबरोबर मालकाची पक्की नोंद ठेवणे, आणि प्रत्येक महापालिकेने अल्प दरात पशुरुग्णालय व मालक परगावी असता कुत्रा ठेवण्याची सोय उपलब्ध करणे, एवढ्या तीन गोष्टी झाल्या तरी पुष्कळ कुत्र्यांची घरे टिकतील.

एका वर्गाचा विचार मला येथे आवर्जून करावासा वाटतो. मुले परदेशी अथवा परगावी, आणि घरात दोघेच वृद्ध, अशी घरे आपल्या शहरांत वाढत आहेत. आणि कुत्रा पाळावा का, हा प्रश्न अशा दांपत्यांकडून मला वारंवार विचारला जातो. त्यांना वेळ आहे, माया आहे, आणि दिवसाला ठरलेला आकार येण्याची गरज आहे. म्हणून त्यांनी कुत्रा अवश्य पाळावा, असे माझे मत आहे. पण पिल्लू आणू नये. पिल्लाचा उच्छाद सत्तरीच्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि त्याचे बारा-तेरा वर्षांचे आयुष्य आपल्या आयुष्याशी ताडून पाहणे हा अशुभ विचार नसून जबाबदारीचा विचार आहे. पाच-सहा वर्षांचा, शांत झालेला, निवाऱ्यात पडून राहिलेला कुत्रा त्यांनी घरी न्यावा. अशा प्रौढ कुत्र्यांना सहसा कोणी विचारीत नाही. नेण्यापूर्वी सकाळी कोण उठणार हे दोघांत ठरवावे, आणि दोघांपैकी एकाला रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली तर कुत्रा कोणत्या भाचीकडे वा शेजाऱ्याकडे जाईल, त्याचे नाव त्या व्यक्तीच्या संमतीने लिहून ठेवावे. असे नाव मिळत नसेल तर ते मिळेपर्यंत थांबावे.