लांब बीप वाजेपर्यंत मशीनसमोरून हलू नका

२ डिसेंबर २०२५ ला माझी मावशी साताऱ्यात मत देऊन आली. ती राहते शाहूपुरीत. २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी नगरपालिकेत आली, पण त्यानंतर निवडणूकच झाली नव्हती. त्यामुळे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी तिनं पहिल्यांदा नगरपालिकेसाठी मत दिलं. साताऱ्यात प्रत्येकाला तीन मतं होती: एक नगराध्यक्षाला आणि दोन प्रभागातल्या नगरसेवकांना. मावशीनं नगराध्यक्षाचं बटण दाबलं, लाल दिवा लागलेला बघितला, पदर सावरला आणि निघाली. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "आजी, थांबा, अजून दोन राहिलीत." ती परत आत गेली. रात्री फोनवर मला म्हणाली, "त्या बाई बोलल्या नसत्या तर मी तशीच घरी आले असते बघ."

सांगली, मिरज आणि कुपवाडच्या मतदारांनो, येत्या गुरुवारी, १५ जानेवारी २०२६ ला आपल्या महापालिकेचं मतदान आहे आणि आपल्याकडे मतं तीन नाहीत, बहुतेक प्रभागांत चार आहेत. वीस प्रभाग, अठ्ठ्याहत्तर नगरसेवक. एका प्रभागातून अ, ब, क, ड अशा चार जागा, काही ठिकाणी तीन. लोकसभेला आणि विधानसभेला एक बटण दाबून बाहेर यायची आपल्या बोटाला सवय लागली आहे. महापालिकेचं याआधीचं मतदान १ ऑगस्ट २०१८ ला झालं, म्हणजे साडेसात वर्षांपूर्वी. आज पंचविशीच्या आत असलेल्या पोरापोरींनी तर असं चार मतांचं मतदान कधी केलेलंच नाही. म्हणून हे कळकळीनं लिहितो आहे.

आत गेल्यावर काय करायचं ते नीट समजून घ्या. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची असेल. अ जागेतल्या नावांपैकी एकाच नावापुढचं बटण दाबा आणि त्या नावासमोरचा लाल दिवा बघा. मग ब, मग क, मग ड. एकाच जागेत दोघांना मत देता येत नाही. एखाद्या जागेला कोणीच पसंत नसेल तर त्या जागेचं 'नोटा' दाबा, पण ती जागा तशीच सोडू नका. शेवटचं मत पडलं की मशीन लांब बीप देतं. तो आवाज आला की तुमचं मतदान झालं. विधानसभेला काचेमागे चिठ्ठी दिसायची, ती इथे दिसणार नाही. महापालिकेच्या मतदानाला चिठ्ठी दाखवणारं यंत्र जोडत नाहीत, त्यामुळे चिठ्ठी दिसली नाही म्हणून गोंधळून जाऊ नका.

एक गैरसमज मला घरोघरी ऐकू येतो. महिलांसाठी राखीव जागेला पुरुषांनी मत द्यायचं नाही, किंवा ओबीसींच्या जागेला फक्त ओबीसींनी द्यायचं, असं कितीतरी लोक धरून चालतात. हे साफ चूक आहे. राखीव असते ती उमेदवारी. मत मात्र प्रभागातल्या प्रत्येक मतदारानं प्रत्येक जागेला द्यायचं असतं.

दुसरं म्हणजे 'पॅनेल टू पॅनेल' मारा असा प्रचार जोरात चालू आहे. तुम्हाला पटत असेल तर खुशाल मारा. पण चारही मतं एकाच पक्षाला द्यायची सक्ती कुणावर नाही. ओळखीच्या एकाला मत देऊन "बाकीच्यांचं आपल्याला काय" म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, उरलेल्या तीन जागांवरही कोणीतरी निवडून येणारच आहे. महासभेत त्यांच्या हाताची किंमत तुमच्या ओळखीच्या माणसाच्या हाताएवढीच असते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. त्या दिवसांत कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठल्या माडीवर लहान बाळ अडकलंय, हे गल्लीतल्या माणसालाच माहीत होतं. गल्लीची खबर असलेला आणि रात्री दोनला फोन उचलणारा असा प्रतिनिधी आपल्याला आज नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि तेव्हापासून या मतदानापर्यंत कारभार प्रशासकांकडेच राहिला. शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत मिसळतंय, कुपवाडच्या ड्रेनेजची वाट लोक वर्षानुवर्षं बघताहेत. सभेत उभं राहून याचा जाब विचारायला माणूस हवा, आणि तो गुरुवारीच निवडायचा आहे.

मतदान सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. साडेपाचला रांगेत असाल तर तुम्हाला मत देता येईल, रांग सोडू नका. यादी १ जुलै २०२५ च्या विधानसभा यादीवरून प्रभागवार फोडली आहे, त्यामुळे केंद्र नेहमीचंच असेल असं समजू नका. नवरा एका शाळेत आणि बायको दुसऱ्या शाळेत, असंही होतं. आजच 'मताधिकार' ॲपवर किंवा यादीत नाव, प्रभाग आणि केंद्र बघून ठेवा. मतदार ओळखपत्र सापडत नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना किंवा पासपोर्ट चालतो. नावापुढे दोन तारे दिसले तर घाबरू नका. दुबार नावाची शंका असली की ती खूण करतात. ओळख जास्त काटेकोर तपासतील, दुसरीकडे मत दिलं नाही असं लिहून घेतील. आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर भांडून परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मतपत्रिका मागा. तो तुमचा हक्क आहे.

आता सणाबद्दल. बुधवारी संक्रांत, गुरुवारी किंक्रांत. करीच्या दिवशी बाहेर पडू नये, नवं काही करू नये, असं आपल्या घरातली मोठी माणसं म्हणतात. त्यांच्या शब्दाचा मान ठेवूनच मी आयाबायांना विनवतो, मत देणं हे नवं काम नाही, साडेसात वर्षांचं राहिलेलं काम आहे. हळदीकुंकवाच्या वाणात कुणी साडी, भांडं किंवा पाकीट सरकवलं तर ते परत करा. पाहुण्यांकडे जायचं असेल तर मत देऊन जा. मार्केट यार्डातल्या हमालांना, कुपवाडच्या कारखान्यातल्या कामगारांना, दुकानातल्या पोरांना मालकांनी सुट्टी द्यावी, निदान मत देऊन येण्यापुरती सवलत तरी द्यावी.

शेजारच्या आजी-आजोबांना बुधवारी तिळगूळ द्यायला जाल, तेव्हा पाच मिनिटं बसा. कागदावर अ, ब, क, ड असे चार चौकोन काढा आणि प्रत्येक चौकोनावर त्यांच्या बोटानं एकदा दाबून घ्या.