बाळंतिणीचा हक्क हजेरीपटावर ठरू नये

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील लागून असलेले तालुके. बाळंत होणाऱ्या बाईला कायद्याने काय मिळते, याचे या दोन तालुक्यांत एक उत्तर नाही. शिरूरमधल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील कायम कामगार स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ठेकेदाराकडच्या बाईलाही हा हक्क आहे. रोजंदारीवरच्या स्त्रियांनाही तो लागू असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. मात्र आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केल्याची नोंद असावी लागते, आणि वारंवार ठेकेदार बदलणाऱ्या बाईला ती नोंद दाखवणेच अवघड जाते. दौंडमधल्या केडगाव-यवत भागातील गुऱ्हाळावर राबणाऱ्या किंवा रोजाने खुरपणीला जाणाऱ्या बाईला रजा नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आहेत, तेही पहिल्या बाळाला. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,०००, मुलगा झाला तर काहीच नाही. महिना १५,००० रुपये पगार धरला, तर कारखान्यातल्या बाईला सहा महिन्यांत ९०,००० रुपये मिळतात. बाळ तेच, बाळंतपण तेच. फरक फक्त हजेरीपटाचा.

या तफावतीचे समर्थन अनेक जण करतात. त्यातला सर्वांत जुना मुद्दा असा, की मूल ही कुटुंबाची बाब आहे, सरकारची नाही. बाळंतिणीला माहेर आहे, आई आहे, सासू आहे. माहेरचा आधार मोठा, यात वाद नाही. पण तो गृहीत धरून धोरण आखता येत नाही. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ या भागांत भाड्याच्या खोलीत राहणारी अनेक जोडपी मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली आहेत. माहेरची आई स्वतःच मजुरीला जात असेल, तर ती लेकीसाठी दोन महिने कोणत्या पैशावर घरी बसणार? आजीची माया फुकट मिळते, तिचा बुडालेला रोज मात्र कोणीतरी सोसतोच.

दुसरा आक्षेप, पैसे दिले की मुले वाढतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखणाऱ्या २.१ या पातळीच्या खाली. ज्या राज्यात मुले कमी होत आहेत, तिथे पाच हजारांच्या मदतीने ती वाढतील ही भीती निराधार आहे. तिच्यापायी दुसऱ्या मुलाच्या आईला मदत नाकारणे अन्यायाचे आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने, सरकारी नोकरीतील आणि अन्य कायद्यांखाली तसाच लाभ घेणाऱ्या स्त्रिया वगळून, प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देण्याचे मान्य केले आहे. त्यात पहिले मूल, दुसरे मूल असा भेद नाही. तो योजनेने आणला.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रजेचा पगार मालकाने द्यायचा, तर मालक बाईला कामावरच घेणार नाही, असे म्हटले जाते. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावरून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. दोष रजेत नसून ती कोणाच्या खिशातून द्यायची या व्यवस्थेत आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. कामगार पुरुष असो वा स्त्री, दर एकच. प्रसूतीचे पैसे विमा निधीतून जातात, त्यामुळे स्त्रीला कामावर घेणे मालकाला महाग पडत नाही. हा विचार नवा नाही. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेची विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न मानला आणि तिचा मोठा भार सरकारने उचलावा हे मान्य केले. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. जवळजवळ शतक उलटले, तरी शेतातल्या बाईपर्यंत हे तत्त्व पोचलेले नाही.

सर्वांत उघडे अपयश उसाच्या फडात दिसते. भीमा आणि घोड नद्यांच्या काठच्या ऊसपट्ट्यात हंगामात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आगाऊ घेतलेली उचल दोघांच्या अंगावर असते आणि एक दिवस चुकला तरी खाडा, म्हणजे दंड, पडतो. प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवू नये, असे प्रसूती लाभाचा कायदा सांगतो. फडातली बाई त्याआधीच कोयता हाती घेते, कारण तिचा मालक कोण हेच ठरलेले नाही. साखर कारखाना टोळी आणणाऱ्या मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम उचलीच्या हिशेबाकडे.

याच ठिकाणी योजना भरपूर आहेत, लोकच फायदा घेत नाहीत, हा चौथा आक्षेप कोसळतो. दवाखान्यात जन्मून घरी आलेल्या बाळाला आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटते. अशा घरभेटींनी नवजात मृत्यू किती घटतात, हे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केले आहे. पण ऊसतोड कामगारांची कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, दर काही दिवसांनी हलते, आणि कोपीतल्या बाळाचे नाव कोणत्याच आशा ताईच्या यादीत नसते. अंगणवाडीचा आहार आणि लसीकरण यांना गावच्या रहिवासाची अट नाही. अडते ते यादीपाशी.

जबाबदारीचे बोलायचे तर ती आईबापांवर आहेच: २१ दिवसांत जन्मनोंदणी, वेळेवर लसी, सहा महिने निव्वळ आईचे दूध. पण ही सगळी कामे वेळ मागतात, आणि बापाला तो वेळ कायदा देत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत पित्याला १५ दिवसांची रजा आहे. खासगी क्षेत्रात तशी सक्ती नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ साली असंघटित कामगारांनाही सामावणारे पितृत्व लाभ विधेयक लोकसभेत मांडले होते. ते कायदा झाले नाही. बापाने घरी थांबणे हा मुलाचा हक्क आहे, हे त्या विधेयकाने ओळखले होते.

म्हणून मदत नोकरीला, शिधापत्रिकेला किंवा मुलाच्या क्रमांकाला न बांधता गर्भारपणाच्या नोंदीला बांधावी आणि तिचा पैसा सार्वजनिक निधीतून यावा. सुरुवात येत्या हंगामापासून करता येईल. साखर कारखान्यांनी टोळीतील गरोदर स्त्रियांची यादी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांची मजुरी थेट बाईच्या खात्यात भरावी. आणि त्या काळातला एकही खाडा उचलीत धरला जाऊ नये.