मुलामा कोठें, किती आणि कशाला?

मोटारींच्या एका जातीस अमेरिकेंत 'हॉट रॉड' असें नांव आहे. जुनी, बहुधा फोर्ड कंपनीची, १९३० च्या आगेंमागें बनलेली गाडी घ्यावयाची. तिचे मडगार्ड, बॉनेट आणि जो जो भाग वेगाच्या आड येईल तो तो काढून टाकावयाचा. आणि तिच्यांत मूळच्याहून अधिक ताकदीचें एंजिन बसवावयाचें, असा हा विधि आहे. १९३० नंतरच्या दशकांत दक्षिण कॅलिफोर्नियांतील तरुणांमध्यें हा उद्योग भरास आला. तेथील मोहावी वाळवंटांत म्युरॉक, एल मिराज अशीं कोरडीं सरोवरें आहेत. त्यांच्या सपाट व टणक तळावर हे तरुण आपल्या गाड्या पळवीत आणि कोणाची किती धांवते हें घड्याळ लावून पाहत. १९३७ सालीं त्यांच्या क्लबांनीं एकत्र येऊन 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' ही संस्था स्थापिली, आणि १९४८ च्या जानेवारींत रॉबर्ट पीटरसन यांनीं 'हॉट रॉड' याच नांवाचें मासिक सुरू केलें.

या गाड्यांचा आमच्या पृष्ठाशीं संबंध काय, असें घरांतील वडील मंडळी विचारतील. संबंध टपालानें आला. कॅलिफोर्नियांत स्थायिक झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें १९३१ सालची फोर्ड 'मॉडेल ए' विकत घेतली असून दोन वर्षें तो ती गॅरेजांत उघडून बसला आहे. एंजिन जमलें, चाकें जमलीं. आतां प्रश्न उरला आहे तो कांतीचा. शेजारी म्हणतात, दिसेल त्या लोखंडावर क्रोम चढव. पत्नी म्हणते, तेवढ्या पैशांत स्वयंपाकघर नवें होईल. "मास्तर, अलंकारशास्त्र तुम्हींच शिकविलेंत, तेव्हां निवाडाहि तुम्हींच करा," असें तो लिहितो. आमच्या शास्त्रांत मोटारींचे अलंकार सांगितलेले नाहींत हें खरें, तथापि शिष्यानें विचारलेल्या प्रश्नास पाठ दाखविण्याचा आमचा परिपाठ नाहीं.

निवाड्यापूर्वीं वस्तु काय आहे तें पाहिलें पाहिजे. क्रोमियम हा धातु १७९७ सालीं व्होकलां नामक फ्रेंच रसायनज्ञास सैबेरियांतून आलेल्या एका तांबड्या खनिजांत सांपडला. त्याचे क्षार तांबडे, पिवळे, हिरवे असे नाना वर्णांचे असल्यामुळें ग्रीक भाषेंतील 'रंग' या अर्थाच्या शब्दावरून त्याचें बारसें झालें. ज्याचें नांवच रंग, तो आज रंगाचा प्रतिस्पर्धी म्हणून उभा आहे ही मौजच म्हणावयाची! विजेच्या साह्यानें त्याचा मुलामा देण्याची व्यवहारोपयोगी रीत कोलंबिया विद्यापीठांतील कॉलिन फिंक व त्यांचे सहकारी यांनीं १९२४ च्या सुमारास सिद्ध केली, आणि पुढें थोड्याच वर्षांत अमेरिकन मोटारींवर हा धातु झळकूं लागला.

परंतु ज्याला आपण क्रोमची झळाळी म्हणतो ती बहुतांशीं क्रोमची नसतेच. पोलादाचा भाग आधीं घासून घासून आरशासारखा करावा लागतो. मग त्यावर बहुधा तांब्याचा थर, त्यावर निकेलचा, आणि सर्वांत शेवटीं क्रोमचा. उघड्या हवेंत वापरावयाच्या वस्तूवर निकेल २० ते ३० मायक्रॉन असावें लागतें. क्रोम मात्र अर्धा मायक्रॉनहि भरत नाहीं. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून काय तें समजावें. क्रोमचें काम एवढेंच कीं निकेलची चकाकी काळवंडूं नये म्हणून तिच्यावर पहारा करणें आणि तिच्या पिवळसर छटेस किंचित् निळसर थंडपणा देणें. त्यामुळें खालचा खड्डा किंवा ओरखडा हा मुलामा झांकीत नाहीं, उलट चारचौघांत दाखवून देतो. रंगारी लांबी भरून दोष लपवूं शकतो. मुलामेवाल्यास ती सोय नाहीं. ज्या आजीबाईंनीं कल्हईवाल्यास दारांत बसवून पातेलीं करून घेतलीं आहेत, त्यांना हें सांगावयास नको. भांडें नीट घासलेलें नसेल तर कल्हई धरत नाहीं. क्रोमची जी भारी किंमत द्यावी लागते तींत धातूचा वांटा थोडा, घासणाऱ्या हातांचा मोठा.

आतां आपल्या मांडणीवरील ताटवाट्यांकडे पाहा. स्टेनलेस पोलादांतहि क्रोमियमच असतें, तें शंभरांत निदान साडेदहा भाग आणि भांड्यांच्या उत्तम पोलादांत १८ भाग. पण तेथें तें वर चढविलेलें नसून अंगांत मुरलेलें असतें. म्हणून ताटाला पोंचा आला तरी त्याचा पापुद्रा निघत नाहीं, आणि चरा पडला तरी तेथें गंज धरत नाहीं. मुलाम्याचें तसें नाहीं. त्यास एक सूक्ष्म छिद्र पडलें कीं पाणी आंत शिरतें, खालचें लोखंड गंजतें आणि वरची चकाकी पोपड्याप्रमाणें सुटते. हा फरक फोर्ड कंपनीस फार लवकर कळला होता. तिच्या १९२८ व १९२९ च्या 'मॉडेल ए' गाड्यांवर रेडिएटरचें कवच निकेलच्या मुलाम्याचें होतें. १९३० व १९३१ च्या गाड्यांवर तें आणि पुढील दिवे न गंजणाऱ्या पोलादाचेच करण्यांत आले. म्हणजे आमच्या शिष्याच्या गाडीचें मुख ज्यावर तो क्रोम चढवावयास निघाला आहे, तें मूळचेंच असेल तर त्यास मुलाम्याची गरजच नाहीं! पोंचे काढावेत, चाकावर पॉलिश करावें, काम संपलें. हें त्यास कळवितांच "शेजाऱ्यांना हें ठाऊक नव्हतें" असें त्याचें उत्तर आलें. शेजाऱ्यांना पुष्कळ गोष्टी ठाऊक नसतात.

कांहीं जागा अशा आहेत कीं तेथें क्रोम शोभेनासें होतें, आणि कांहीं अशा कीं तेथें तें जिवावर बेततें. धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या एंजिनाजवळ इतक्या तापतात कीं त्यांवरील क्रोम पिवळें व पुढें निळें पडतें. कोणास तो निळेपणा आवडतो. ज्यास आवडत नाहीं त्यानें तेथें उष्णता सोसणारा सिरॅमिकचा लेप द्यावा. त्याची कांति मंद चांदीसारखी असते, आणि तो एंजिनखान्यांतील उष्माहि कमी करतो. याहून गंभीर गोष्ट स्प्रिंगांची व कठीण पोलादाच्या बोल्टांची. मुलाम्यापूर्वीं आम्लांत बुडवितांना आणि मुलामा चढतांना निघणारा हायड्रोजन वायु कठीण पोलादांत शिरतो व त्यास ठिसूळ करून ठेवतो. वरून भाग आरशासारखा, आंतून कांचेसारखा; आणि एके दिवशीं भार आला असतां तो पूर्वसूचना न देतां तुटतो. म्हणून असे भाग मुलाम्यानंतर कांहीं तासांच्या आंत भट्टींत घालून, सुमारें १९० अंश सेंटिग्रेडवर, कित्येक तास भाजावे लागतात. हें भाजणें डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणूनच तें चुकविलें जाण्याचा संभव. सुकाणूचे व स्प्रिंगांचे भाग रंगवावेत हें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यावर बायकामुलांस बसवावयाचें, तेथें चकाकीचा हट्ट कशाला?

क्रोमखेरीज इतर मार्ग थोडे नाहींत. नुसतें निकेल ठेवलें तर त्याची ऊबदार, किंचित् पिवळसर प्रभा जुन्या गाडीस फार खुलते; मात्र तें काळवंडतें, आणि दर पंधरवड्यास फडकें घेऊन बसण्याची तयारी हवी. ॲल्युमिनियमच्या भागांना घासून दिलेली झिलई साधी व स्वस्त, पण तीहि पितळेच्या समईसारखी वेळ मागते. पावडर कोटिंगमध्यें रंगाची भुकटी विजेच्या आकर्षणानें चिकटवून भट्टींत वितळवितात. हा थर जाड व चिवट असतो, धुण्यास सोपा; मात्र पेंच असलेलीं भोकें आधीं झांकलीं नाहींत तर पुढें बोल्ट बसत नाहीं.

रुचि कशी पालटते याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९४२ च्या आरंभीं अमेरिकेंत युद्धासाठीं क्रोमियमची तूट पडूं नये म्हणून नव्या मोटारींच्या चकचकीत पट्ट्यांवर रंग फासण्यांत आला. १९५० पासून ऑकलंड येथें भरूं लागलेल्या प्रदर्शनांत गाड्या नट्यांप्रमाणें नटूं लागल्या, आणि स्प्रिंगांपासून खिळ्यांपर्यंत सर्व क्रोममय झालें. पुढें १९८० नंतर बॉइड कॉडिंग्टन यांच्यासारख्या कारागिरांनीं गुळगुळीत, एकरंगी, कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या चाकांची शैली पुढें आणली. आणि या सर्वांस कंटाळलेल्यांनीं 'रॅट रॉड' काढली: गंज तसाच, अस्तराचा रंग तसाच. वयाचा खरा गंज आम्हांस खटकत नाहीं. पण मिठाचें पाणी शिंपडून मुद्दाम आणलेला गंज हाहि अलंकारच होय, आणि तो क्रोमहून जास्त ढोंगी आहे.

आतांपर्यंतची चर्चा शोभेची झाली. पुढील गोष्ट शोभेची नाहीं. मुलामा देण्याच्या टाकींत जें क्रोमियम विरघळलेलें असतें तें नेहमीं षट्संयुजी असे. त्याची सूक्ष्म फवार श्वासावाटे गेली असतां नाकाच्या पडद्यास भोंक पडतें आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो. पाण्यांत मिसळल्यास तें काय करूं शकतें याचें उदाहरण त्याच मोहावी वाळवंटांतील हिंक्ले या गांवीं घडलें. तेथें कारखाना मुलाम्याचा नव्हता, वायूच्या नळाचा होता; गंज धरूं नये म्हणून पाण्यांत घातलेलें हेंच द्रव्य १९५२ ते १९६६ पर्यंत उघड्या डबक्यांत सोडलें गेलें आणि विहिरींत उतरलें. १९९६ सालीं गांवकऱ्यांस ३३ कोटी ३० लाख डॉलर देऊन कंपनीनें तो दावा मिटविला. २०२३ च्या मे महिन्यांत कॅलिफोर्नियाच्या हवा-मंडळानें ठरविलें कीं शोभेच्या मुलाम्यासाठीं षट्संयुजी क्रोमियम १ जानेवारी २०२७ पासून बंद व्हावें, कांहीं अटी पाळणाऱ्यांस २०३० पर्यंत सवलत असावी. त्रिसंयुजी क्रोमियमची टाकी त्याहून पुष्कळ निर्धोक; पण तिची छटा जराशी गडद व उबदार येते, त्यामुळें जुन्या भागाशेजारीं नवा भाग ठेवला तर जोड उघडा पडतो. 'एवढ्या छटेसाठीं कायदा नको' म्हणणारे हौशी लोक आहेत. आपल्याकडेहि शहरांच्या गल्ल्यांतून मुलाम्याचीं लहान दुकानें आहेत, आणि टाकीवर वाकलेला मनुष्य पाहिला आहे त्यास छटेचा युक्तिवाद पटणार नाहीं.

'अलंकार' या शब्दांतील 'अलम्' म्हणजे 'पुरे'. जें घातल्यानें वस्तु पुरी होते तो अलंकार. पुरें झाल्यावरहि जें घालीत राहावें त्यास दुसरें कांहीं नांव द्यावें. क्षेमेन्द्रानें अकराव्या शतकांत औचित्यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला, तो याच भेदापायीं. त्यास अनुसरून आम्हीं शिष्यास कळविलें तें असें: कवच व दिवे पोलादाचे आहेत, ते घासून ठेव. दारांच्या मुठी व बंपर यांना क्रोम दे, कारण हात व पाऊस तेथें रोज लागतात. पण त्रिसंयुजी टाकी असलेल्याकडूनच, आणि सर्व भाग एकाच खेपेस, म्हणजे छटा जुळेल. नळ्यांस सिरॅमिक, सांगाड्यास पावडर कोटिंग, स्प्रिंगांस रंग. उरलेल्या पैशांचें काय करावें हें पत्नीस विचार.

आणि भाग देण्यापूर्वीं प्रत्येकाचें छायाचित्र काढून, मोजून, यादीवर दुकानदाराची सही घे. लहान स्क्रू टाकीच्या तळाशीं राहतात, आणि १९३१ सालचा स्क्रू पुन्हां बाजारांत मिळवितांना फार दिवस जातात.